बेसमेंटमध्ये जायचं की वर? चक्रीवादळाचे अवशेष, अचानक पूर आणि टोर्नेडो (न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क)

रारितनकाठ

२९ ऑगस्ट २०२१ ला आयडा चक्रीवादळ लुइझियानात पोर्ट फोरशाँजवळ ताशी १५० मैल वाऱ्यासह धडकलं. १ सप्टेंबरच्या संध्याकाळी तेच आपल्या डोक्यावर होतं. तोवर ते चक्रीवादळ उरलं नव्हतं आणि लुइझियानाच्या किनाऱ्यापासून हजारभर मैल लांब आलं होतं. वाऱ्याचा जोर ओसरला म्हणजे धोका ओसरला असं लोक धरून चालतात आणि फसगत इथंच होते. वारा गेला तरी समुद्रावरून आणलेली वाफ सगळी शिल्लक असते.

त्या रात्री सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच (८० मिमी) पाऊस झाला. न्यूयॉर्कची गटारं साधारण ताशी १.७५ इंच पावसाच्या हिशेबानं बांधलेली आहेत. न्यूआर्क विमानतळावर दिवसभरात ८.४१ इंच पडला. दहाच दिवस आधी हेन्री वादळ येऊन गेल्यामुळे जमीन आधीच भिजलेली होती. आणि त्याच संध्याकाळी न्यू जर्सीतल्या ग्लॉस्टर काउंटीत (जिल्ह्यात) मलिका हिलला ईएफ-३ (० ते ५ च्या तीव्रता-मापावर ३) टोर्नेडोनं घरं उद्ध्वस्त केली.

न्यू जर्सीत ३० जण गेले, त्यातले कितीतरी गाडीत. न्यूयॉर्क शहरात १३ गेले, त्यातले ११ तळघरातल्या खोल्यांमध्ये.

न्यू जर्सीतल्या एडिसन, पिस्कॅटवे, ब्रिजवॉटर, सॉमरसेट या पट्ट्यात आपली हजारो कुटुंबं आहेत आणि बहुतेकांची बेसमेंट ‘फिनिश’ केलेली, म्हणजे राहण्याजोगी सजवलेली आहेत. म्हणून हा धागा. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी मापांसकट लिहावं ही विनंती. ‘काळजी घ्या’ एवढ्यावर थांबू नका.

ढगवाचक

टोर्नेडो का होतात ते आधी सांगतो, कारण त्यावरच सावधगिरी ठरते.

जमिनीवर आल्यावर वादळाचा खालचा वारा घर्षणानं मंदावतो, पण दीड-दोन किलोमीटर वरचा वारा जोरातच राहतो. उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत गेली की चढणाऱ्या हवेला पीळ बसतो. केंद्राच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे बहुधा पूर्वेला आणि आग्नेयेला, हा पीळ सगळ्यात जास्त असतो. तिथं दमट उबदार हवाही असते. आयडाच्या वेळी मध्य जर्सीतून उष्ण सीमा, म्हणजे उबदार हवेची पुढची कड, गेलेली होती. तिच्या दक्षिणेला टोर्नेडो झाले आणि उत्तरेला पावसाची ओळ तासन् तास एकाच पट्ट्यावरून सरकत राहिली.

हे टोर्नेडो ओक्लाहोमातल्या चित्रांसारखे दुरून दिसत नाहीत. ढग बुटके असतात, गारा जवळपास नसतात, भोवरा पावसाच्या पडद्यात लपलेला असतो. पाच-दहा मिनिटांत तयार होऊन विरतातही. खिडकीतून बघून ठरवू म्हणाल तर वेळ हातातून गेलेली असेल. इशारा आला की हलायचं.

‘वॉच’ म्हणजे परिस्थिती जुळून आली आहे: बूट, टॉर्च, चार्जर जवळ घ्या. ‘वॉर्निंग’ म्हणजे रडारवर दिसलं किंवा कुणी पाहिलं: आडोशाला जा. ‘फ्लॅश फ्लड इमर्जन्सी’ ही अचानक पुराच्या वॉर्निंगच्याही वरची पायरी आहे आणि फार क्वचित दिली जाते. न्यूयॉर्क शहराला ती पहिल्यांदा आयडातच मिळाली.

टाउनहाउस_सॉमरसेट

मूळ प्रश्न तसाच राहिला. फोनवर टोर्नेडोचा आणि पुराचा असे दोन्ही इशारे एकदम येतात. एक म्हणतो सगळ्यात खाली जा, दुसरा म्हणतो उंचावर जा. मग करायचं काय? आणि ज्या टाउनहाउसला (भिंतीला भिंत लागून असलेल्या ओळीतल्या घराला) बेसमेंटच नाही, त्यांनी?

ढगवाचक

@टाउनहाउस_सॉमरसेट, जो धोका आत्ता, या मिनिटाला जवळ आहे त्यापासून आधी वाचायचं. टोर्नेडो डोक्यावरून काही मिनिटांत जातो, पूर तासन् तास राहतो. म्हणून टोर्नेडोचा आडोसा आधी. पण तो बेसमेंटमध्येच घ्यायला हवा असं नाही.

माझा क्रम असा:

– बेसमेंट पूर्ण कोरडं आहे, घर ओढ्याच्या किंवा नदीच्या सखल भागात नाही आणि जिना आतून वर येतो: बेसमेंटमध्ये जा. इशाऱ्याची मुदत संपली की लगेच वर.
– बेसमेंटमध्ये पाणी शिरायला लागलं आहे, किंवा बाहेर रस्त्यावर पाणी वाहतं आहे: बेसमेंट वर्ज्य. तळमजल्यावरची आतली, बिनखिडकीची जागा घ्या. पावडर रूम (छोटं स्वच्छतागृह), जिन्याखालचं कपाट किंवा आतला पॅसेज चालेल.
– तळमजल्यातही पाणी आलं आहे: वरच्या मजल्यावरची सगळ्यात आतली बाथरूम. छताखाली असल्यानं ही तडजोडच आहे, पण बुडण्यापेक्षा बरी.

बेसमेंट नसलेल्या टाउनहाउसमध्ये दुसरा पर्याय सरळ लागू होतो. दोन घरांमधली सामाईक भिंत बाहेरच्या भिंतीपेक्षा बरी. गॅरेजमध्ये थांबू नये. गॅरेजचं रुंद दार आधी आत दबतं, मग आत घुसलेला वारा छताला खालून ढकलतो.

डोक्याला सायकलचं किंवा क्रिकेटचं हेल्मेट, पायात बूट. दुखापती मुख्यतः उडणाऱ्या वस्तूंनी होतात आणि नंतर काचा-खिळ्यांवरून अनवाणी चालल्यानं. मुलांची हेल्मेटं त्या खोलीतच ठेवा.

पंपवाला_एडिसन

संप पंपाबद्दल, म्हणजे बेसमेंटच्या खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाबद्दल लिहितो, कारण कितीतरी बेसमेंटं पंप असूनही बुडतात.

आधी गणित. १००० चौरस फूट छतावर १ इंच पाऊस म्हणजे ६२३ गॅलन पाणी. दीड हजार चौरस फुटांच्या छतावर तासाला ३.१५ इंच पडला तर जवळपास २९५० गॅलन. पन्हळीचा पाइप भिंतीलगतच सांडत असेल तर त्यातलं बरंच पाणी पाया धरून खाली उतरतं आणि खड्ड्यात येतं. १० फूट वर पाणी चढवताना १/३ हॉर्सपॉवरचा पंप मिनिटाला साधारण ३० ते ३५ गॅलन फेकतो, म्हणजे तासाला २००० च्या आसपास. अशा रात्री तो हरणारच. म्हणून पहिला खर्च पंपावर करू नका, पन्हळीच्या पाइपाला जोड देऊन पाणी घरापासून ६ ते १० फूट लांब सोडा. हे काम अगदी स्वस्त आहे. त्यानंतर पायाभोवतीचा उतार: पहिल्या १० फुटांत ६ इंच.

घरात किती पाणी येतं ते साध्या जोरदार पावसात मोजून ठेवा. पंप बंद करा, पट्टी धरून मिनिटभर बघा. १८ इंच व्यासाच्या खड्ड्यात १ इंच चढ म्हणजे सुमारे १ गॅलन. मिनिटाला ८ इंच चढलं तर आवक ८ गॅलन. आयडासारख्या रात्री त्याच्या तिप्पट-चौपट धरा आणि त्यानुसार पंप घ्या. बहुतेक घरांना १/२ हॉर्सपॉवर पुरतो.

बिघाड कुठं होतात, ते वारंवारतेच्या क्रमानं:

१. फ्लोट (पाण्याबरोबर वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा तरंगता स्विच) अडकतो. दोरीला लोंबणारा फ्लोट अरुंद खड्ड्यात भिंतीला टेकून बसतो. खड्डा १८ इंचांपेक्षा लहान असेल तर उभ्या दांड्यावर सरकणारा फ्लोट घ्या.
२. वीज जाते. वादळाच्या रात्री नेमकी तेव्हाच.
३. पंप आणि फ्रीझर एकाच जीएफसीआय सॉकेटवर (गळती झाली की वीज तोडणाऱ्या सॉकेटवर) असतात, ते ट्रिप होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पंपाला स्वतंत्र सर्किट हवं.
४. चेक व्हॉल्व (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) नसतो किंवा झिजलेला असतो. पंप थांबला की पाइपातलं पाणी परत खड्ड्यात, पंप पुन्हा चालू, दर मिनिटाला चालू-बंद, शेवटी मोटर जळते.
५. चेक व्हॉल्व आहे पण त्याखाली पाइपाला भोक नाही. मग पंपात हवा कोंडते, मोटर फिरते पण पाणी चढत नाही. पंपाच्या वर आणि व्हॉल्वच्या खाली, खड्ड्याच्या आतल्या भागात, १/८ ते ३/१६ इंचाचं भोक पाडायचं. पंपाच्या माहितीपत्रकात असतं. तिथून थोडं पाणी उडतं, तो दोष नाही.
६. बाहेरचं तोंड पानांनी किंवा चिखलानं बंद होतं.

चाचणी: ५ गॅलनच्या बादलीनं खड्ड्यात पाणी ओता. पंप सुरू व्हायला हवा, अर्ध्या-एक मिनिटात उपसून थांबायला हवा. मग बाहेर जाऊन पाणी खरोखर पडतं आहे का ते बघा. ही शेवटची पायरीच बहुतेक जण गाळतात. जूनमध्ये एकदा आणि ऑगस्टअखेर एकदा करा.

संपचं पाणी सांडपाण्याच्या लाइनला जोडू नका. बहुतेक गावांत ते नियमबाह्य आहे आणि पुरात ती लाइन आधीच तुंबलेली असते.

मीटरवाली

बॅटरी बॅकअपबद्दल एक शंका. दुकानात ‘इन्व्हर्टर लावा, तोच पंप चालेल’ असं सांगतात. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तो खरंच किती वेळ चालतो?

पंपवाला_एडिसन

@मीटरवाली, हिशेब करू. १२ व्होल्ट × १०० अँपिअर-अवर = १२०० वॉट-अवर. लेड-ॲसिड किंवा एजीएम (लेड-ॲसिडचाच बंद प्रकार) बॅटरी निम्म्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून ६०० धरा. इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के जातात, उरले ५१०. १/२ हॉर्सपॉवरचा पंप साधारण ८०० ते १००० वॉट ओढतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दोन-तीन पट. म्हणजे सलग चालला तर अर्धा तास, फार तर ३८ मिनिटं. पुराच्या रात्री पंप सलगच चालतो.

त्यापेक्षा १२ व्होल्टवर थेट चालणारा वेगळा बॅकअप पंप घ्या. तो १० ते १५ अँपिअर ओढतो. निम्मी बॅटरी वापरली तरी तीन ते पाच तास सलग चालतो. त्याची फेकण्याची क्षमता मुख्य पंपापेक्षा कमी असते, हे लक्षात ठेवा. त्याचा फ्लोट मुख्य पंपाच्या फ्लोटपेक्षा दोन-तीन इंच वर बसवायचा, म्हणजे मुख्य पंप बंद पडला किंवा कमी पडला तरच तो सुरू होतो. बॅटरी मरीन डीप-सायकल हवी, गाडी सुरू करायची नको, आणि ती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

शहराच्या नळाच्या दाबावर चालणारा बॅकअपही मिळतो. विजेची गरज नाही, बॅटरी संपत नाही. साधारण एक गॅलन नळाचं पाणी खर्चून दोन गॅलन उपसतो. विहिरीवरच्या घराला उपयोग नाही, कारण वीज गेली की विहिरीचा पंपही बंद. घाण पाणी नळाच्या लाइनमध्ये ओढलं जाऊ नये म्हणून बॅकफ्लो प्रिव्हेंटर लागतो, तो परवाना असलेल्या प्लंबरकडूनच बसवून घ्या.

जनरेटर असेल तर घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड घराकडे नको. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणं जीवघेणं आहे: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी वायर खुपसून घराला वीज देऊ नका, लाइनवर काम करणारा माणूस त्यानं मरतो. इंटरलॉक किंवा ट्रान्सफर स्विच लावून घ्या, म्हणजे जनरेटर आणि बाहेरची लाइन एकाच वेळी जोडली जात नाहीत.

नळकारागीर

एक भर. बेसमेंटच्या शॉवरमधून किंवा फ्लोअर ड्रेनमधून काळं पाणी वर येतं, ते पावसाचं नसतं, ते गटाराचं उलटं पाणी. संप पंप त्याला थोपवू शकत नाही. त्यासाठी घराच्या मुख्य सांडपाणी पाइपावर बॅकवॉटर व्हॉल्व लागतो. आत एक झडप असते: घरातून पाणी बाहेर जातं, उलटं आलं की झडप मिटते.

झडप मिटलेली असताना घरातलं पाणीही बाहेर जाणार नाही. तेव्हा वॉशिंग मशीन, डिशवॉशर, शॉवर, फ्लश सगळं बंद ठेवा, नाहीतर स्वतःच्याच घरातलं पाणी बेसमेंटच्या सगळ्यात खालच्या ड्रेनमधून वर येईल. वर्षातून एकदा झाकण उघडून झडपेवर साचलेलं ग्रीस आणि कागद साफ करा. कचरा अडकला तर झडप पूर्ण मिटत नाही.

सुरक्षा_क्वीन्स

भाड्याच्या तळघरात राहणाऱ्यांसाठी लिहिते. यात आपली विद्यार्थी मुलंही असतात.

पाणी आलं की लोक सामान वर ठेवत बसतात आणि दाराची संधी जाते. ३ फूट रुंद दाराबाहेर १ फूट पाणी साचलं तर दारावर सुमारे ९४ पौंड जोर येतो. २ फूट झालं की ३७४ पौंड, म्हणजे १७० किलो. पाणी दुप्पट झालं की जोर चौपट होतो. बाहेर उघडणारं दार तेव्हा एकट्या माणसाला ढकलून उघडत नाही, आणि आत उघडणारं असेल तर कडी काढताच पाण्याचा लोंढा अंगावर येतो.

म्हणून खूणगाठ ही: बाहेरच्या पायऱ्यांच्या तळाशी पाणी साचायला लागलं की लगेच निघा. फोन, पासपोर्ट, औषधं एका पिशवीत दाराजवळ हवीत, बाकी काही घेऊ नका. इशारा असेल त्या रात्री तळघरात झोपूच नका. वरच्या शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा.

जागा घेताना झोपायच्या खोलीची खिडकी बघा. निसटण्याच्या खिडकीचं उघडं माप सर्वसाधारण नियमानुसार किमान ५.७ चौरस फूट असतं आणि तिची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नसते. गज असतील तर आतून किल्लीशिवाय उघडायला हवेत. खिडकी नाही आणि बाहेर जायला एकच दार आहे, अशी खोली भाडं कितीही कमी असलं तरी घेऊ नये.

रारितनकाठ

गाडीचं थोडक्यात. ६ इंच वाहत्या पाण्यात बऱ्याच गाड्यांचा ताबा जातो, १२ इंचांत लहान गाड्या तरंगतात, २ फुटांत एसयूव्हीही वाहून जाते. रात्री पाण्याखाली रस्ता उरला आहे की खचला आहे ते दिसत नाही. गाडी पाण्यात गेलीच तर पट्टा सोडा, खिडकी खाली करा, बाहेर पडा, छतावर चढा. दार उघडायचा प्रयत्न करू नका. खिडकी उघडली नाही तर बाजूची काच कोपऱ्यात फोडा, पुढची फुटत नाही. काही नव्या गाड्यांच्या बाजूच्या काचाही दोन थरांच्या असतात, त्या छोट्या हातोडीनं फुटत नाहीत. आपल्या गाडीची काच कोणती आहे ते काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर आजच बघा.

आणखी एक. पाऊस थांबला म्हणजे संपलं असं नाही. आयडात ओढे १ तारखेच्या रात्रीच फुगले, पण रारितन आणि फिलाडेल्फियातली स्क्युलकिल यांची पातळी दुसऱ्या दिवशी शिखरावर गेली. स्क्युलकिल १६.३५ फुटांवर पोचली, तेव्हा ऊन पडलं होतं. मॅनव्हिलला मिलस्टोन रारितनला मिळते, तिथं दोन्हीकडचं पाणी साठतं. पाणी ओसरायच्या आतच तिथं काही घरांमध्ये गॅसचे स्फोट झाले. राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर प्रत्येक नदीमापकाचा पुढचा अंदाज दिसतो. आपल्या जवळच्या मापकाचं नाव आणि त्याची पूरपातळी लिहून फ्रिजवर लावा.

लाकूडघर

इथं बऱ्याच जणांच्या मनात २६ जुलै २००५ असतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता, त्यापुढे हे काय, असं बोललं जातं. पण घराची जात वेगळी आहे. मुंबईतली वीट-सिमेंटची भिंत धुतली, वाळवली की चालते. इथली भिंत म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यात फायबरग्लास, वर जिप्समचा ड्रायवॉल. तो पाणी वर शोषत जातो आणि २४ ते ४८ तासांत बुरशी धरतो. आतलं लाकूड ओलं आणि बाहेर रंग कोरडा, अशी भिंत महिनाभरानं वास मारायला लागते.

क्रम असा ठेवा.

पाणी सॉकेटपर्यंत किंवा पॅनलपर्यंत पोचलं असेल तर बेसमेंटमध्ये उतरू नका. पाण्यात उभं राहून ब्रेकर पाडणं म्हणजे मरणाला बोलावणं. वीज कंपनीकडून बाहेरून तोडून घ्या. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा. बुडालेला गॅस हीटर किंवा बॉयलर तंत्रज्ञानं तपासल्याशिवाय पेटवू नका.

बेसमेंट काठोकाठ भरलं असेल तर एका झटक्यात उपसू नका. बाहेरची माती पाण्यानं भरलेली असते, आतलं पाणी काढलं की बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो, कधी फरशी वर उचलतो. एक फूट उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. पातळी परत वर आली तर बाहेरचं पाणी अजून उतरलेलं नाही, थांबा. स्थिर राहिली तर पुढे दिवसाला दोन-तीन फूट.

मग ड्रायवॉल. पाण्याच्या रेषेच्या किमान १२ इंच वर कापा. रेषा दीड-दोन फुटांवर असेल तर सरळ ४ फुटांवर कापा, कारण नवा पत्रा ४ फुटी येतो आणि जोड एकच बसतो. भिजलेलं फायबरग्लास आणि कार्पेटखालचा पॅड वाळवत बसू नका, फेका. लाकडाचा ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करू नका. पिनांचा मॉइश्चर मीटर स्वस्तात मिळतो. कंत्राटदाराच्या ‘वाळलंय’वर विसंबू नका, आकडा बघा.

ब्लीच फक्त कडक पृष्ठभागांवर: एक गॅलन पाण्यात जास्तीत जास्त एक कप. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर कधीही नाही, विषारी वायू होतो.

कागदपत्रं

आता पैशांचं.

घराच्या नेहमीच्या इन्शुरन्समध्ये टोर्नेडोनं उडालेलं छत येतं, पूर येत नाही. गटाराचं उलटं पाणी आणि संप पंपाचा बिघाड यासाठी ‘वॉटर बॅकअप’ ही वेगळी जोड घ्यावी लागते. पुरासाठी सरकारी एनएफआयपी (राष्ट्रीय पूरविमा) पॉलिसी: घराला कमाल अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. घेतल्यावर ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळाचं नाव बातम्यांत आल्यावर घेऊन फायदा नाही. बेसमेंटमधलं फर्नेस, वॉटर हीटर, पॅनल, संप पंप येतं. कार्पेट, फिनिश फरशी, सोफा, होम थिएटर येत नाही. भाडेकरू फक्त सामानाची पॉलिसी घेऊ शकतात, पण तळघरातल्या सामानाला तीही जवळपास काहीच देत नाही. गाडी पुरात गेली तर गाडीच्या विम्यात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भाग असेल तरच भरपाई.

नुकसानीचा सही केलेला दावा एनएफआयपीकडे ६० दिवसांत जायला हवा. फेकण्याआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेषा टेप धरून, प्रत्येक उपकरणाच्या अनुक्रमांकाची पट्टी, आणि फेकलेल्या कार्पेटचा व ड्रायवॉलचा एकेक तुकडा पिशवीत ठेवा.

मीटरवाली

एच-१बी व्हिसावाल्यांना फेमाची (केंद्रीय आपत्ती खात्याची) मदत मिळते का? दरवेळी वेगळं ऐकायला मिळतं.

कागदपत्रं

@मीटरवाली, आपली काउंटी आपत्ती घोषणेत वैयक्तिक मदतीसाठी असेल तरच अर्ज करता येतो. रोख मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक गटांना मिळते. एच-१बी, एल-१, एफ-१ यांना स्वतःच्या नावावर मिळत नाही. पण घरात अठरा वर्षांखालचं, सोशल सिक्युरिटी नंबर असलेलं अमेरिकन नागरिक मूल राहत असेल, तर आईवडील त्याच्या वतीनं अर्ज करू शकतात. आपल्या अनेक कुटुंबांना हे लागू होतं आणि माहीत नसल्यानं ती अर्जच करत नाहीत. निवारा, जेवण, पाणी यांसाठी व्हिसा विचारत नाहीत.

अर्जाची मुदत साधारणपणे घोषणेपासून ६० दिवस. इन्शुरन्स असेल तर आधी तिथं दावा करा. त्यांचं नकाराचं किंवा मंजुरीचं पत्र फेमा मागतंच. फेमाचं पहिलं उत्तर ‘अपात्र’ आलं तरी सोडून देऊ नका. बऱ्याचदा एखादा कागद कमी असतो. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं.

टाउनहाउस_सॉमरसेट

छत फाटलं तर ताडपत्री कशी लावायची? नुसती टाकली तर पुढच्या वाऱ्यात उडते.

लाकूडघर

विटांचं वजन ठेवून ती टिकत नाही. भोकाच्या चारही बाजूंना किमान ४ फूट जास्त येईल एवढी ताडपत्री घ्या आणि ती छताच्या आढ्यावरून पलीकडे न्या, म्हणजे पाणी वरून खाली शिरणार नाही. वरची कड २×४ इंची लाकडी पट्टीला दोन वेढे गुंडाळून स्क्रू मारा, ती पट्टी पलीकडच्या उतारावर बसवा. बाजू आणि खालची कड १×३ च्या पट्ट्यांनी दाबा. ओल्या छतावर, वाऱ्यात किंवा एकट्यानं चढू नका. तुटलेली तार जवळ असेल तर ३० फूट लांब राहा आणि कंपनीची वाट बघा. ताडपत्रीची आणि मजुरीची पावती ठेवा, पुढचं नुकसान टाळायला केलेला खर्च इन्शुरन्स बहुधा देतं.

ढगवाचक

रात्री फोन सायलेंटवर असतो किंवा टॉवर बंद पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ बेडरूममध्ये हवा. तो १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात वाहिन्यांवर चालतो. सगळ्यात स्पष्ट ऐकू येईल ती निवडा आणि काउंटीचा कोड भरा, म्हणजे फक्त आपल्या भागाच्या इशाऱ्याला वाजेल: मिडलसेक्स ०३४०२३, सॉमरसेट ०३४०३५, मर्सर ०३४०२१, हडसन ०३४०१७, मॉरिस ०३४०२७. टोर्नेडो मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून त्या बाजूच्या शेजारच्या काउंटीचा कोडही भरा. सॉमरसेटवाल्यांनी हंटरडन ०३४०१९ भरावा. फोनच्या सेटिंगमध्ये सरकारी आपत्कालीन इशारे बंद केलेले असतील तर ते आज रात्रीच चालू करा.